बाबांचं कोरडं वजन

४ मार्च

ढब्बू,

फोनवर तू माझा नंबर बंद करून ठेवलायस, म्हणून कागद घेतला. फाडायचं असेल तर वाचून फाड, एवढंच.

बाबांना तुझ्याकडे यायचंय. कायमचं नाही, महिनाभर. दुकानात बसायचंय म्हणतात. मी म्हटलं, शिलाई मशीनची खडखड ऐकायला नऊ तास बसमध्ये बसणार का? तर म्हणाले, "हो." रोज विचारतात. सकाळी दूध देताना विचारतात, मी कामावर निघताना विचारतात. काल विचारलं, "मास्तरीणबाई, सुट्टी मंजूर झाली का?" मला मास्तरीण म्हणायचं त्यांनी सोडलेलं नाही. तुलाही अजून ढब्बूच म्हणतात. सेहेचाळीस वर्षांचा ढब्बू.

त्यांची प्रकृती उत्तम आहे. रविवारी सकाळी, रिकाम्या पोटी, बाथरूमला जाऊन आल्यावर, त्याच काट्यावर, त्याच लेंग्यात: एकसष्ट किलो. तुझ्याकडून आणले तेव्हा चोपन्न होते. उंचीच्या वर्गाने भागलं की बावीस पॉइंट नऊ येतात. वॉर्डात या वयाच्या माणसाच्या फाइलवर असा आकडा दिसला तर मी फाइल मिटून पुढच्या खाटेकडे जाते. पहिलं वर्षभर हे आकडे मी तुला दर रविवारी पाठवत होते. तू एकदाही उत्तर दिलं नाहीस, आणि मग नंबरच बंद केलास.

आत्याच्या सत्तरीच्या जेवणात मी जे बोलले ते सगळ्यांसमोर बोलले, हे चुकलं असेल. पण जे बोलले ते चुकलं नव्हतं. आठ आठवड्यांत बासष्टचे चोपन्न झाले होते. गालफडं बसली होती, शर्टात माणूस शोधावा लागत होता. हॉस्पिटलची आहारतज्ज्ञ म्हणून मी हेच रोज बघते, त्याचाच पगार घेते. तू म्हणालास, "ताई, ते अंगावरचं पाणी होतं. हृदयाच्या डॉक्टरांनी गोळी दिली, त्याने उतरलं." सगळ्यांचेच नातेवाईक काहीतरी म्हणतात. मी म्हटलं, "बाप उपाशी मरतोय आणि तू पाण्याच्या गोष्टी सांगतोस." आणि त्याच संध्याकाळी गाडी करून त्यांना घेऊन आले. हे तुला सांगायची गरज नाही, तू तिथेच होतास.

तर, तू ये आणि घेऊन जा. महिन्याने आणून सोड. जेवणाचा तक्ता मी देईन.

ताई


२६ मार्च

ढब्बू,

तुझं पत्र मिळालं. तीन ओळी आहेत, त्यातली एक पत्ता.

तू म्हणतोस, बाबांना आज येऊन नेतो, पण आधी त्या जेवणाला जे जे होते त्या सगळ्यांना सांग की मी बापाला उपाशी ठेवलं नव्हतं. काकांनी तुझ्याकडे कपडे टाकणं बंद केलं, तुझी बायको कोणाच्या घरी जाईनाशी झाली, हे मला माहीत नव्हतं. वाईट वाटायला हवं. खरं सांगायचं तर काही वाटलं नाही. हल्ली मला फारसं काही वाटत नाही.

पण मी नाही सांगणार. हा हट्ट नाही, हिशेब आहे. माणूस नुसता पडून राहिला तरी शरीर जळत असतं. हृदय, फुप्फुसं, मेंदू, कोणी सुट्टी घेत नाही. बाबांच्या उंचीवयाला एवढ्यासाठीच अकराशे-बाराशे कॅलरी लागतात. शिवाय उठणं, बसणं, जिना, अंघोळ. सोळाशे-सतराशे पोटात गेल्या नाहीत तर शरीर स्वतःचं मांस खातं. आणि एक किलो वजन चढायला साडेसात हजार कॅलरी जास्तीच्या घालाव्या लागतात. सात किलोंचे किती होतात ते दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर कर. ते मी घातलेत. दोन अंडी, दोन वेळा दूध, डाळ, भाजी, फळ, संध्याकाळी सूप, सगळं तोलून. तुझ्याकडे त्यांना अळणी जेवण मिळायचं म्हणे. माझ्याकडे चवीपुरतं मीठ असतं, म्हणून घास उतरतो. काटा कोणाच्या बाजूने बोलत नाही, ढब्बू.

बाकी ठीक. त्यांना नवी चप्पल घेतली, एक नंबर मोठी. जुनी रुतायला लागली होती. दिवसा त्यांच्याजवळ असतात त्या मावशी म्हणाल्या, "लेकीच्या हातचं अंगी लागलं." बाबा मात्र परवा आरशासमोर शर्ट घालून उभे राहिले आणि मला हाक मारली. म्हणाले, "हे बघ. पोटावर बटण लागत नाही आणि खांद्याची शिवण दंडावर उतरलीय. पन्नास वर्षं मापं घेतली मी. माणूस वाढतो तेव्हा आधी गळा वाढतो, दंड वाढतो. असा कोणी वाढत नाही." मी म्हटलं, शर्ट जुना झालाय. म्हणाले, "शर्ट मी शिवलाय." शिंप्याच्या जातीला सगळा दोष कापडात नाहीतर माणसात दिसतो, कात्रीत कधीच नाही. मी नवीन शर्ट आणला. तयार.

तुझ्या डॉक्टरांची ती गोळी आता रोज लागत नाही.

ताई


१९ एप्रिल

ढब्बू,

उत्तर नाही. बाबा विचारतात तेव्हा मी सांगते की शाळांच्या गणवेशाचे दिवस आहेत, तुला मान वर करायला फुरसत नाही. त्यांना ते पटतं. "दोनशे चड्ड्या असतील," म्हणतात आणि खूश होतात.

जेवण संथ झालंय. तिसऱ्या घासाला "पोट भरलं" म्हणतात. मावशींच्या वहीत मात्र सकाळ-दुपारच्या सगळ्या रकान्यांत "पूर्ण" असं लिहिलेलं असतं. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत, हे मला कळत होतं. मी वही बघून सही केली. घरी आल्यावर माझ्यात तेवढंच त्राण असतं.

झोपताना तीन उशा लागतात. आडवं झालं की दम लागतो म्हणतात. वयच आहे.

वजन एकसष्टच आहे. तीन महिने हललेलं नाही. स्थिर वजन म्हणजे चांगली खूण असते.

तू म्हणतोस तसं मी कोणाला सांगितलेलं नाही. तुझी अट तू सोड, त्यांच्यासाठी. मोठी मी आहे, पण शहाणा तू हो.

ताई


११ मे

ढब्बू,

बाबा माझ्या हॉस्पिटलात आहेत. पाच दिवस झाले. आत्ता जिवाला धोका नाही, पण पुढचं वाच.

दम लागला म्हणून आणलं. वॉर्डात एक शिकाऊ डॉक्टर मुलगी आहे, मी दर गुरुवारी ज्यांना शिकवते त्यांतली. तिने लेंगा वर केला आणि नडगीवर अंगठा दाबून धरला. काढला तेव्हा खड्डा पडला होता. समोर भिंतीवर घड्याळ होतं म्हणून कळलं, तो भरायला चाळीस सेकंद लागले. मग तिने बाबांची बाही वर केली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, टेप आहे का तुमच्याकडे?"

टेप माझ्या कोटाच्या खिशात असते. रोज असते. पाणी पायात साठतं, पोटात साठतं, पण दंडात फारसं साठत नाही, म्हणून अंगावर सूज असलेल्या माणसाला काट्यावर तोलून फसायचं नाही, त्याचा दंड मोजायचा. हे मीच शिकवते. फळ्यावर दोन रेघा मारून शिकवते. बाबांचा दंड मोजला. एकोणीस सेंटिमीटर. बावीसच्या खाली गेला की आम्ही फाइलवर कुपोषण लिहितो. दीड वर्षात ती टेप मी घरी एकदाही बाहेर काढली नव्हती. फाइलमध्ये आकडा मीच लिहिला. मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही बसा," तर मी म्हटलं, पुढचे सहा पेशंट बाकी आहेत. आणि खरंच सहाही बघितले.

शिरेतून औषध चालू आहे. रोज पाणी निघतंय. एकसष्ट, साठ, अठ्ठावन्न, छप्पन्न, आज त्रेपन्न. अजून थांबलेलं नाही. सगळं पाणी निघून गेल्यावर जे उरतं त्याला आम्ही कोरडं वजन म्हणतो. तेच त्या माणसाचं खरं वजन. चोपन्नच्या खाली गेलं तेव्हाच मला समजायचं ते समजलं. तुझ्याकडे होते ते चोपन्न कोरडे होते. गोळीने, अळणी जेवणाने तू सूज उतरवून ठेवली होतीस. गालफडं दिसत होती कारण तो त्यांचा खरा चेहरा होता.

मावशींना विचारलं. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "मॅडम, अर्ध्याच्या वर कधी गेलंच नाही. उरलेलं मी टाकून द्यायचे. तुम्ही ओरडता म्हणून पूर्ण लिहायचे." त्यांना काय बोलणार. आतड्यालाही सूज असते, तीन घासांत पोट भरतं, हेसुद्धा पुस्तकात आहे. आतून मांस जात होतं आणि त्या जागी पाणी येत होतं, त्यामुळे काटा जागचा हलत नव्हता. आणि मी तुला लिहिलं होतं, स्थिर वजन चांगली खूण.

तू बरोबर होतास. पाणीच होतं. हे तुला मी लिहून देतेय. बाकीच्यांचं नंतर बघू, आता ती वेळ नाही. औषध कमी पडलं, असं डॉक्टरांचं म्हणणं आहे.

तू ये. अट घालू नकोस.

ताई


२९ मे

ढब्बू,

तुम्ही सुखरूप पोचलात हे मावशींना तुझ्या बायकोने फोन करून सांगितलं. मावशींना केला, मला नाही. ठीक आहे.

तू आलास तेव्हा मी वॉर्डाच्या दारातच उभी होते. तू मला ओलांडून आत शिरलास. बाबांच्या खाटेशी गेलास, ते म्हणाले, "चड्ड्या झाल्या का?" तू लगेच "झाल्या" म्हणालास. म्हणजे माझं एप्रिलचं पत्र तू वाचलं होतंस.

कोरडं वजन सत्तेचाळीसवर थांबलं. उंचीच्या वर्गाने भागलं की सतरा पॉइंट सात. ते फाइलमध्ये होतं, पण तुला सांगायचं राहिलं होतं. त्यांना खाटेवरून चाकाच्या खुर्चीत ठेवायला तू उचललंस आणि दोन पावलं मागे धडपडलास, कारण जोर तू जुन्या बाबांच्या वजनाचा लावला होतास. बाबा म्हणाले, "अरे हळू, कापडाचा तागा नाही मी." तू त्यांना धरून तसाच उभा राहिलास, खुर्चीत ठेवेनास. शेवटी वॉर्डबॉयने खुर्ची पुढे सरकवली. त्या वेळी तू माझ्याकडे बघितलंस. शिवी दिली असतीस तर बरं झालं असतं.

डिस्चार्जच्या कागदावर सही करताना मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "आधीची गोळी बंद कशी झाली?" मी म्हटलं, "गाव बदललं, डॉक्टर बदलले, त्यात राहून गेली." तू खाली बघत होतास. डॉक्टर म्हणाले, "होतं असं."

जिन्यात तू एवढंच विचारलंस, "सगळ्यांना सांगितलंस?"

"सांगते."

"कधी?"

"बाबा जरा सावरू देत."

तू मान हलवलीस. होकाराची की नकाराची, ते कळलं नाही.

तक्ता दिला नाही. छापलेला होता, खिशात होता. तुझ्या बायकोला ठाऊक आहे त्यांना काय चालतं. तिला विचारून मलाच शिकायला हवं होतं, दीड वर्षापूर्वी. घरी त्यांची खोली आवरली. रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं. भूक लागली, म्हणून पाव खाल्ला.

ताई


८ जुलै

ढब्बू,

तुझ्या घरून परत येऊन तीन दिवस झाले.

बाबा अडतीस दिवस तुझ्याकडे राहिले. तुझी बायको म्हणाली, त्यांतले तीस दिवस दुकानात बसले. शेवटच्या आठवड्यातही खुर्ची बाहेर काढून मागायचे, आणि कारागिराच्या काजांना नावं ठेवायचे. ती हे मला सांगत होती, स्वतःहून, हात पुसत. मी तिच्याकडे बघू शकत नव्हते. पहिल्यांदा काहीतरी वाटलं ते तेव्हा. लाज वाटली. बाबा गेले याचं दुःख अजून आलेलं नाही. येईल कधीतरी.

मग सगळे बसले होते तेव्हा आत्या बोलली. तुझ्याच घरात, तुझी बायको चहाचा ट्रे घेऊन उभी असताना. "लेकीकडे एकसष्ट किलो झाले होते, काय तब्येत होती. इथे आणलं आणि महिन्यात कारभार आटोपला." काका म्हणाले, "नशीब म्हणायचं." कोणी तुझ्याकडे बघितलं, कोणी चहाकडे. तू माझ्याकडे बघितलंस. एवढ्या माणसांत फक्त माझ्याकडेच.

आणि मी कप उचलला आणि चहा प्यायले.

तुझी बायको ट्रे तसाच घेऊन आत गेली. तूही उठलास. तुला वाटलं असेल, हिची जीभ फक्त दुसऱ्याला तोडायला चालते. बरोबर आहे.

परत आल्यावर मी अकरा पत्रं लिहिली. आत्याला, काकांना, दोन्ही मामांना, त्या जेवणाला जे जे होते त्या सगळ्यांना. छापलेली नाहीत, हाताने लिहिलीत, अकराही सारखी. त्यात लिहिलंय की माझ्या भावाने वडिलांना उपाशी ठेवलं नव्हतं. त्याच्या घरी त्यांचं खरं वजन चोपन्न किलो होतं. माझ्या घरी ते सत्तेचाळीस झालं, आणि मला कळलं नाही, कारण मी माणूस न बघता काटा बघत होते. मी जे सगळ्यांसमोर बोलले ते खोटं होतं, ते मी परत घेते. त्याच्याकडे आणल्यामुळे ते गेले नाहीत, माझ्याकडे राहिल्यामुळे गेले. खाली सही आहे आणि माझ्या हुद्द्याचा शिक्का आहे. आत्या फोन करून म्हणेल, झालं ते झालं, गेलेल्या माणसापायी जिवंताने स्वतःच्या तोंडाला काळं फासू नये. म्हणू दे. घरोघरी वाचून दाखव, असं मी तिला सांगणार आहे.

ती पत्रं उद्याच्या टपालात जातील. तुझं आज टाकतेय, कारण त्यांत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती तुला काकांकडून कळू नये.

गोळी राहून गेली नव्हती. मी बंद केली. तुझ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर रोज एक असं स्पष्ट लिहिलं होतं, चिठ्ठी माझ्याकडे होती, वाचता येत होती. त्यांना माझ्याकडे आणल्यावर पहिले तीन रविवार मी वजन केलं. त्रेपन्न पॉइंट नऊ. त्रेपन्न पॉइंट आठ. चोपन्न. मी एवढं तोलून घालत होते आणि आकडा जागेवर. सगळ्यांसमोर तुला बोलून आले होते. तुला काय पाठवणार होते? मला माहीत होतं त्या गोळीने पाणी जातं आणि वजन उतरतं. मनाशी म्हटलं, गोळीने भूक मरतेय, सारखी लघवीला उठबस होतेय, वयाला त्रास नको. असं कोणालाही पटेल. मलाही पटलं. एक दिवसाआड केली, काटा थोडा चढला. दोन महिन्यांनी बंदच केली. बाबांनी एकदा विचारलं, "ती पांढरी छोटी गोळी दिसत नाही?" मी म्हटलं, "आता गरज नाही, बाबा, तुम्ही सुधारलात." ते म्हणाले, "तू म्हणतेस म्हणजे असेल."

बंद केल्यानंतरच्या पहिल्या रविवारी काटा एक किलो दोनशे ग्रॅमने वर गेला. आठवड्यात एवढं मांस कोणाच्या अंगावर चढत नाही, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. तो आकडा मी तुला पाठवला तेव्हा बाबा अजून काट्यावरच उभे होते, भिंतीला धरून, आणि मला विचारत होते, "उतरू का?"

ताई